दगडावरचा चौथा

मी मास्तर माणूस. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना वाचायला शिकवलं. त्याबद्दल कुणी हार घातला नाही, आणि मी वाटही पाहिली नाही. पण एकदाच, भर सभेत, छाती पुढे काढून मी चार ओळी मोठ्यानं वाचल्या आणि गावानं टाळ्या वाजवल्या. त्या चार ओळींनी माझ्या वहिनीचं कुंकू पुसलं. आता म्हातारपणी ते लिहून ठेवतो आहे. तोंडानं सांगायचं धाडस मला पूर्वीही नव्हतं.

आमचं गाव लांजा-राजापूर रस्ता सोडून कोसभर आत. आईवडील मी लहान असतानाच गेले. घरात दादा, वहिनी आणि मी. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा ती पंधराची आणि मी सात वर्षांचा, त्यामुळे ती माझी वहिनी कमी आणि आईच जास्त. माझ्या डोक्याला तेल तिनंच घातलं आणि पाढे चुकलो की पाठीत धपाटाही तिनंच घातला. दादा मुंबईला गिरणीत. गणपतीला आणि शिमग्याला न चुकता यायचा. शिमग्यात पालखीपुढचा ढोल त्याचा. वाजवायचा बेताचाच, पण जोर असा की गावचे मुख्य मानकरी, आमचे गावकर, म्हणायचे, "ह्याच्या ढोलाला भिऊन पालखी पुढं पळते, खांदेकऱ्यांची गरजच नाय."

दादाला पाण्याचं भय होतं. खाडी ओलांडायची तर होडीत डोळे मिटून, दोन्ही हातांनी फळी धरून बसायचा, आणि वहिनी पदर तोंडाला लावून हसायची. मुंबईला जायला आगबोट असताना हा गडी घाट चढून कोल्हापूर गाठायचा आणि तिथून रेल्वेनं जायचा. त्यात दोन-तीन दिवस जास्त मोडायचे. कुणी चिडवलं तर म्हणायचा, "माश्याला रस्त्यावर चालायला सांगता काय? मग मला कशाला पाण्यावर चालायला सांगता?"

असा माणूस समुद्र ओलांडून अरबांच्या मुलखात, बसऱ्याला गेला. पहिल्या महायुद्धाचे दिवस होते. मुंबईत गिरणीच्या दारात भरतीचा माणूस आला, आणि दादा त्याच्या मागोमाग निघाला. का गेला ते मला आजतागायत कळलेलं नाही. आम्हाला समजलं ते त्याच्या पत्रानं. मी तेव्हा रत्नागिरीला इंग्रजी तिसरीपर्यंत शिकून परत आलो होतो, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. वहिनी चुलीपुढे बसून ऐकत होती. इकडे खजूर पुष्कळ, आपल्याकडे नारळ तसा. ऊन फार. जेवण बरं. गाय व्यायली का? ढोलाला उंदीर लागू देऊ नका. आणि मग एक ओळ फक्त माझ्यासाठी होती: "मला नदीतल्या बोटीवर काम दिले आहे, हे तुझ्या वहिनीस सांगू नये." ती ओळ मी गाळली. माझा आवाजही अडखळला नाही, असं मला वाटलं.

त्यानंतर आणखी दोन पत्रं आली, मग कचेरीचा एक छापील कागद आला. त्यावर लिहिलं होतं की सदरहू इसम हजेरीवर नाही, तपास चालू आहे. त्यापुढे काही नाही. लढाई संपली, गावची माणसं परतली. मी दोनदा चालत रत्नागिरीला जाऊन कचेरीत चौकशी केली. कारकुनानं दोन्ही वेळा मान न उचलता सांगितलं, "कळलं की कळवू."

तेव्हापासून वहिनीनं एक रीत धरली. सकाळच्या पेजेत ती माणसांच्या मानानं तांदूळ घाली आणि वर एक पसा जास्त. माणूस लांबून चालत येणार, सकाळी पोचला तर आल्या आल्या त्याला पेज हवी. दादा घाटानं यायचा तो नेहमी सकाळीच पोचायचा. रोज ती वाडगाभर पेज उरायची. दुपारी वहिनी ती गाईपुढे धरायची आणि म्हणायची, "आजपन नाय आले." तक्रारीचा सूर नसायचा. पाऊस आज नाही आला म्हणावं तसं म्हणायची.

गावातून पंधरा माणसं लढाईत गेली होती. ती आमची बोटांवर मोजलेली. अकरा परत आले. तीन घरी मेल्याचं पत्र आलं आणि मागून सरकारकडून एकेक तबकडी आली. तबकडी काशाची, तळहाताहून मोठी. तिच्यावर मेलेल्याचं नाव, आणि मधोमध एक उभी बाई व तिच्या पायाशी सिंह. ती बाई म्हणजे विलायतेची काहीतरी खूण असणार, पण आमच्या लोकांना सिंहाजवळ उभी असलेली बाई एकच माहीत. तिन्ही घरांत तबकडी देव्हाऱ्यात गेली आणि नवरात्रात तिला माळ चढू लागली. मी शहाणपणानं एकदा सांगायला गेलो, तर एका घरची म्हातारी म्हणाली, "मास्तर, माजा पोरगा देवीच्या पायाशी हाय. तुमचं काय जातंय?" माझं खरंच काही जात नव्हतं.

आमच्या घरी तबकडी आली नाही. वहिनीचा सगळा विश्वास त्या न आलेल्या तबकडीवर होता.

लढाई संपून चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा सरकारनं ज्या गावांतून बरीच माणसं गेली होती तिथे आठवणीचा दगड बसवायचं ठरवलं. दगड राजापूरकडून बैलगाडीनं, गवतात गुंडाळून आला. गाडीवानाला कुणीतरी सांगितलं की आत मूर्ती आहे. बिचारा वहाणा काढून, अनवाणी, कातळाच्या सड्यावरच्या चटक्यात बैलांपुढे चालत आला. गवत काढल्यावर लिहिलेला पांढरा दगड निघाला, तेव्हा त्यानं मला विचारलं, "ह्यो कुठला देव?" मी म्हटलं, "सरकारचा." तरी त्यानं हात जोडले.

दगड शाळेत बसवायचा ठरला. शाळा चिऱ्याची. त्या तांबड्या भिंतीत तो पांढरा दगड लुगड्याला दुसऱ्या रंगाचं ठिगळ लावावं तसा दिसायचा. मी त्या वर्षी नुकताच त्या शाळेवर मास्तर झालो होतो. मामलेदारसाहेब आले, गावकर फेटा बांधून आले, अख्खं गाव अंगणात जमलं. बायका पडवीच्या बाजूला होत्या. महारवाडीची माणसं लांब फणसाखाली उभी होती, त्यांतल्या दोघांनी अंगात खाकी कोट घातले होते. मजकूर इंग्रजी होता. साहेब म्हणाले, "मास्तर, वाचून अर्थ सांगा."

मी वाचलं. मग सांगितलं: या गावातून अठरा माणसे महायुद्धास गेली. त्यांपैकी चौघांनी प्राण दिले. टाळ्या झाल्या. मला आवाज चांगला लागल्याचं समाधान वाटलं, ते खोटं कशाला सांगू?

टाळ्या थांबल्यावर लोक बोटं मोजू लागले. गावकर म्हणाले, "अठरा कुठले? आपले तर पंधरा." कुणीतरी म्हणालं की सरकारच्या कारकुनानं तीन जास्त धरले असतील, मानाची गोष्ट आहे, वाढलेली बरी. सगळे हसले. मग गावकरांनी मेलेल्यांची तीन नावं घेतली, तीन बोटं मिटली, आणि चौथं बोट तसंच उभं राहिलं. पंधरातला ज्याचा पत्ता नाही असा एकच होता. मी पडवीकडे पाहिलं. बायका वहिनीकडे बघत होत्या. ती माझ्याकडे बघत होती.

जास्तीची तीन माणसं आम्ही मानानं घेतली आणि जास्तीचं एक मरण तिच्या पदरात टाकलं. एकाच दगडावरचे दोन आकडे. एकाला आम्ही कारकुनाची चूक म्हणालो आणि दुसऱ्याला वेदवाक्य मानलं. हे तेव्हा माझ्याही लक्षात आलं नाही, आणि गावात गणित शिकवायचा पगार मला मिळत होता.

पुढचे काही महिने बायकांना प्रश्न पडला, हिला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही? गौरीच्या दिवशी तिच्या हातचं सूप चालतं की नाही? तोंडावर कुणी बोललं नाही, पण तिच्या कपाळाकडे बघून बोलण्याचा विषय बदलू लागला. शेवटी भावकी आमच्या ओटीवर बसली. माणूस परमुलखात मेला, देह नाही, क्रिया नाही, त्याचा आत्मा वाडीभर फिरतोय, असं म्हणाले. दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यायचा, ही जुनी रीत होतीच.

वहिनी दारामागून म्हणाली, "तबकडी कुटं आली?"

"टपालात गहाळ झाली असंल," गावकर म्हणाले.

"मग देवीला कौल लावा."

आमच्याकडे विहीर खणण्यापासून सोयरिकीपर्यंत सगळं कौलावर चालतं. गुरव देवीच्या अंगाला पाकळ्या लावतो, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. बोलणं बिनतोड होतं. पण गावकरांनी मान हलवली. "सरकारनं दगडावर कोरलंय. त्याच्यावर देवीला काय इचारायचं?" मग ते माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमी वाचलंत. चारच हायत ना?"

मी म्हणालो, "चारच आहेत."

नदीकाठी पुतळा जाळला. अग्नी मीच दिला. दर्भ वाळलेला होता, भुर्रकन पेटला आणि विझला. मला आठवतं ते इतकंच की माणूस जळायला इतका थोडा वेळ लागतो हे पाहून मला राग आला. घरी बायकांनी वहिनीच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेज वाढली तेव्हा तिची नि माझी अशी बरोबर दोघांपुरती झाली. भांड्यात काही उरलं नाही. पुतळा जळताना मी रडलो नव्हतो. ते रिकामं भांडं पाहून रडलो.

आता पुढचं सांगायला मला खरी लाज वाटते. मी त्या दगडाचा पुजारी झालो.

दर वर्षी एक दिवस दगडाला हार घालायचा, पोरांना उभं करायचं, दोन मिनिटं शांतता पाळायची, असा हुकूम होता. दिपोटीसाहेब तपासणीला आले की पोरांना विचारायचे, "या दगडावर काय लिहिलं आहे?" पोरं एका सुरात म्हणायची, "अठरा गेले, चार कामी आले." मी त्यांच्याकडून चारही नावं पाठ करून घेतली. पण पोरांना नावं पुरत नाहीत, गोष्ट हवी असते. बाकीच्या तिघांची गोष्ट त्यांच्या घरच्यांनी सांगितली. दादाची मी रचली. बसऱ्याच्या नदीत शत्रूनं बोटीवर गोळे टाकले, बोट बुडू लागली, सगळे घाबरले. दादानं पाण्यात उडी टाकली, पोहत जाऊन तीन सोबत्यांना काठाला लावलं, आणि चौथ्याला आणायला गेला तो परतला नाही. पोरं श्वास रोखून ऐकायची. दिपोटीसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिल्या वर्षी मला आपण थाप मारतो आहोत हे माहीत होतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून मलाच ती नदी दिसू लागली.

वहिनीनं ती गोष्ट एकदा शाळेच्या खिडकीतून ऐकली. मला चहा द्यायला आली होती. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "तुमच्या गोष्टीतला माणूस चांगला हाय, भावजी. पन त्याला मी वळखत नाय."

मलाही पुढे पुढे दादा ओळखू येईना. डोळे मिटले की पोहणारा वीर दिसायचा. होडीत फळी धरून बसलेला माझा भाऊ, ढोल बडवताना जीभ दातांत धरणारा, फणस सोलताना हाताला तेल लावायचं हटकून विसरणारा, तो कुठे गेला? त्याला पाहायची इतकी ओढ लागायची की मी एकटाच खाडीवर जाऊन होडीच्या त्या फळीवर बसायचो. होडीवाला विचारायचा, "पलीकडं जायचंय?" मी नाही म्हणायचो. आपला माणूस हरवला तर निदान आठवणीत तरी त्याच्याच तोंडाचा राहावा, पण माझ्या आठवणीवर मी स्वतःच दगड बसवला होता.

अशी नऊ-दहा वर्षं गेली. माझं लग्न झालं, दोन मुलं झाली. वहिनी घरातली मोठी म्हणून चूल तिच्याच हातात राहिली. पेज मोजकी व्हायची.

मग एका वर्षी वरून सक्त हुकूम आला की महारवाडीची पोरं बाहेर पडवीत बसवायची नाहीत, सगळ्यांबरोबर आत घ्यायची. रत्नागिरीत त्यावरून बरीच भवति न भवति चालली होती, आमच्याकडेही झाली. मी हुकूम पाळला. शूरपणानं नव्हे, नोकरी होती म्हणून. पहिल्या दिवशी महारवाडीतली एक म्हातारी नातवाला घेऊन आली. पोर आत गेलं, ती उंबऱ्याशी घुटमळली.

"मास्तर, मी येऊ आत? एकदाच."

मी हो म्हटलं. ती आत आली आणि नातवाकडे न बघता सरळ दगडापाशी गेली.

"ह्यात माजा कुठला?"

"यात नावं नाहीत," मी म्हणालो. "फक्त आकडे आहेत."

"मग आकडा दावा."

मी चारवर बोट ठेवलं. तिनं माझं बोट बाजूला होईपर्यंत वाट पाहिली, मग आपली बोटं त्या जागी ठेवली आणि गालावरून हात फिरवावा तशी फिरवली.

"तुझा कोण यात?" मी विचारलं. तेव्हा आम्ही त्यांना अगं-तुगंच करत असू, वय कितीही असो.

तिनं कमरेची फडक्याची पुरचुंडी सोडली. आत काशाची तबकडी होती. बाई, सिंह, आणि नाव. रोज हात फिरवून बाईचं नाक झिजलं होतं. नाव मी वाचलं. तिच्या थोरल्या मुलाचं होतं.

"राजापुराला बोलावून दिली व्हती," ती म्हणाली. "आमच्या वाडीतले तिघं गेलते. दोघं आले. तुमी त्या दिवशी चार म्हनालात ना, मी फनसाखाली उभी व्हती. घरी जाऊन घरधन्याला सांगितलं, आपला धरलाय त्यात. ते शांतीनं गेले मग."

मी मुलांच्या बाकावर बसलो. पंधरा आणि तीन अठरा. तीन आणि एक चार. दुसरीतल्या पोराला घातलं असतं तर त्यानं तोंडी सोडवलं असतं. ते दोन खाकी कोट मला दिसले होते. दिसले होते आणि मी मोजले नव्हते. आम्ही "गाव" म्हणालो की आमची बोटं वरच्या वाड्यांवरच संपायची. दगड दुरून कुणा परक्यानं कोरून पाठवला होता, त्याला आमच्या वाड्या ठाऊक नव्हत्या, म्हणून त्याचा हिशेब बरोबर आला.

"तू तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "आम्ही दादाचा पुतळा जाळला, तेव्हा तरी."

"वाईट वाटलं व्हतं," ती म्हणाली. "पन मोठ्यांच्या घरचं. वाटलं, तुमाला येगळा कागद आला आसंल. आमाला कोन इचारतंय?"

चार दिवस मी कुणाला काही बोललो नाही. काय सांगणार होतो? तुझा नवरा मेला नाही, असं? ते तरी मला कुठे ठाऊक होतं? मला फक्त एवढं कळलं होतं की तो मेल्याचं कुणीच कधी म्हणालं नव्हतं, माझ्याखेरीज. पाचव्या दिवशी वहिनी पडवीत कुळीथ पाखडत बसली होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. फणस, कोट, तबकडी, बेरीज. बोलता बोलता ती पत्रातली गाळलेली ओळही सांगून टाकली.

सूप थांबलं नाही.

"ती वळ मला म्हायती व्हती," ती म्हणाली. "वाचताना तुमचं बोट खाली सरायचं. तितं ते येकदम दोन वळी सरलं. मला तेवाच कळलं, ह्यांना पान्यावर घातलंय." मग तिनं सूप खाली ठेवलं. "तेवा मला वाईट वाटंल म्हनून गाळलंत, भावजी. मग दगड वाचताना का नाय गाळलंत?"

मी सुपातून सांडलेले कुळीथ वेचू लागलो.

"मग मी धा वर्सं कुनाचं पुसलेलं कपाळ घेऊन बसले?" तिनं विचारलं, आणि स्वतःच सांगितलं, "त्या माऊलीच्या पोराचं. त्याच्या बायकोकडं तेवा कोन गेलं व्हतं काय?"

"नाही," मी म्हणालो. ती बाई पुढच्या दोन वर्षांतच तापानं गेली, हे मला म्हातारीनं सांगितलं होतं.

मी धीर करून म्हटलं, "वहिनी, तू कुंकू लाव. गावाशी मी बोलतो."

ती हसली. होडीतल्या दादाला हसायची तसं नाही, थकल्यासारखं. "कुंकू लावायचं म्हंजे परत वाट बघायची. माज्यात आता तेवढं बळ नाय. राहू दे हाय तसं."

त्या वर्षी दगडाच्या दिवशी मी गोष्ट सांगितली नाही. नावं चार घेतली, दादाचं वगळलं आणि म्हातारीच्या मुलाचं घेतलं. गावकर तोवर फार थकले होते. काठी आपटत म्हणाले, "तीनच घ्यायचीत, मास्तर. चौथं कशाला उकरलंत?" वरच्या वाड्यांतल्या सात-आठ पोरांना त्यांच्या बापांनी पंधरा दिवस शाळेत पाठवलं नाही. मग शेतीची कामं आटोपली आणि पोरं घरी त्रास देऊ लागली, तशी आली परत. हार वहिनीनं करून दिला होता, आमच्या दारच्या अबोलीचा. तो कुणी घालायचा हे मात्र तिनं मला विचारलं नाही. सरळ म्हातारीच्या हातात दिला. म्हातारीचा हात दगडाच्या माथ्यापर्यंत पुरेना, तेव्हा वहिनीनं तिला कोपराशी धरून वर आधार दिला. गाव बघत राहिलं.

दादा आता दगडावर नव्हता. कचेरीच्या कागदात तो हजेरीवर नव्हताच. दिपोटीसाहेबांनी पुढच्या तपासणीत विचारलं, "ती नदीतली गोष्ट?" मी म्हणालो, "ती चुकीची होती, साहेब. माझ्या भावाला पोहता येत नव्हतं." हे मोठ्यानं म्हणालो आणि किती वर्षांनी तो मला स्वच्छ दिसला, डोळे गच्च मिटून, फळीला धरून. इतका जवळ की हाक मारावीशी वाटली.

पण ते नंतरचं. हाराच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट सांगायची राहिली. सकाळी आम्ही पेज प्यायला बसलो. मी, बायको, दोन्ही मुलं, वहिनी. तिचं कपाळ रोजच्यासारखंच कोरं होतं. सगळ्यांना वाढून झालं, मुलांनी पुन्हा मागितली, त्यांना मिळाली, माझाही वाडगा पुन्हा भरला. बायको भांड्यात डोकावून म्हणाली, "आज जास्ती झाली वाटतं." वहिनीनं भांड्यावर झाकण ठेवलं. मी मान खाली घालून पीत राहिलो. दुपारी गोठ्यात गेलो तर ती उरलेला वाडगा गाईपुढे धरून उभी होती.

"आजपन नाय आले," ती गाईला सांगत होती.